येवल्याच्या यमुनेचं कार्ड

बाई,

शुद्धलेखनाच्या चुका होतील, त्या पोटात घाला. ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलं नाही आणि अक्षर तर तुम्हाला माहीतच आहे. बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या मी लिहिल्या की नोंदी ठेवणारे सय्यदभाई त्या उलट्या धरून वाचायचे आणि म्हणायचे, "कमलताई, असं जरा बरं दिसतं." चौथीनंतर शाळा सुटली. त्यानंतर जे काही लिहिलं ते तुमच्या लॅबमध्येच, तुमच्यासमोर. म्हणून तुमच्यापुढे हे धरायला लाज वाटत नाही. दुसऱ्या कुणाला दाखवायचं नाहीच.

तुम्हाला जाऊन आज अठरा दिवस झाले. दवाखान्यात सभा झाली. सगळ्यांनी तुमच्या पदव्या सांगितल्या, कुठे शिकलात ते सांगितलं. "कमलबाई, तुम्ही इतकी वर्षं त्यांच्याबरोबर होता, दोन शब्द बोला," असं मोठे डॉक्टर म्हणाले. मी उठले नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसून राहिले. तुम्ही असतात तर टेबलावर पेन्सिल आपटली असती. "वर बघून बोल कमल, जमिनीला काय सांगतेस?" बाई, वर बघून बोलायला मी शेवटपर्यंत शिकले नाही. शिकले असते तर हे लिहायची वेळ आली नसती.

थकून गेले आहे मी. रडूही धड येत नाही. सकाळी उठते, लॅबमध्ये जाते, काचा आम्लात टाकते, धुते, पुसते. तुमचं स्टूल कुणी हलवलं नाही. नवे डॉक्टर येईपर्यंत मायक्रोस्कोपवर तो हिरवा कपडा तसाच आहे.

दुष्काळ पडला त्या वर्षी मी तुमच्याकडे लागले. काम बाटल्या धुण्याचं. पहिल्याच दिवशी हातातून काचेची बरणी सुटली आणि तिचे तुकडे झाले. मला वाटलं, आता पगारातून कापणार. तुम्ही आतून ओरडलात, "पायाला लागलं का?" तुम्ही बाहेर आलात, माझे पाय बघितलेत आणि म्हणालात, "पाय शाबूत आहेत, बरणी नव्हती चांगली." एवढंच. त्या दिवसापासून मी तुमची झाले. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. सांगायची रीत आपल्यात नव्हतीच.

मग ते मोजण्याचं काम सुरू झालं. आपल्याकडे गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरच्या किती बायका यायच्या. आपल्याकडे तपासणी व्हायची, मग त्यांना विजेचा शेक घ्यायला मुंबईला पाठवायचे. परत आल्या की खाली ओपीडीत सिस्टर त्यांच्या अंगातला स्राव काचेवर घ्यायची आणि काच वर आपल्याकडे यायची. ती बाई मला दिसायची नाही, नुसता नंबर दिसायचा. मी काच स्पिरिटातून काढून एकेका रंगात बुडवायची, तुम्ही मायक्रोस्कोपला डोळा लावायच्या.

एकदा तुम्ही मला बघायला लावलंत. मी घाबरत घाबरत डोळा लावला. "काय दिसतं?" मी म्हटलं, "बाई, साबुदाणा." तुम्ही इतक्या हसलात की सय्यदभाई पलीकडच्या खोलीतून पळत आले. पण खरंच तसंच होतं. भिजलेला साबुदाणा फुगतो आणि मधे एक ठिपका राहतो, तशाच त्या पेशी. मग तुम्ही काच सरकवलीत. "आता ही बघ." त्या पेशींवर फोड होते, तळताना पापडाला येतात तसे. तुम्ही समजावून सांगितलंत, की ह्या रोगाच्या पेशी नव्हेत. ह्या तिच्या स्वतःच्या चांगल्या पेशी आहेत. शेकानं त्यांना फोड आले, त्या फुगल्या, म्हणजे हिचं अंग शेकाला साथ देतंय. ही जगण्याचा संभव जास्त. आणि शेक घेऊनही पेशी जशाच्या तशा राहिल्या तर हिला नुसतं भाजत बसून उपयोग नाही, हिचं ऑपरेशन करायला हवं. शंभर पेशी मोजायच्या, त्यात फोडवाल्या किती आणि तशाच किती. तुम्ही असंही म्हणालात, "बाहेरच्या देशात आता पुष्कळजण ह्याला हसतात. हसू देत. मला माझ्या डोळ्यांनी बघायचंय."

मोजायचं खटक्याचं यंत्र बिघडलं आणि दुरुस्तीला गेलं ते आलंच नाही. मग मी घरून चिंचोके आणले. शंभर चिंचोके आणि दोन वाट्या, फोडवाल्यांसाठी पितळेची, तशाच राहिलेल्यांसाठी स्टीलची. तुम्ही डोळा न काढता म्हणत जायच्या, "फोड. फोड. तशीच. फोड." मी चिंचोके टाकत जायची. चिंचोके संपले की शंभर झाले. सय्यदभाई म्हणायचे, "बाई, सरकारला कळलं तर आपल्या लॅबला चिंचेचं झाड मंजूर करतील."

आपला वाद तिथूनच सुरू झाला. मी तशी कुणाशी वाद घालत नाही, नवऱ्याशीसुद्धा नाही. पण तुमच्याशी घातला.

"बाई, काचेत वाईट दिसलं तर तिला सांगता का?"

"नाही."

"मग मोजायचं कशाला?"

"डॉक्टरांना कळावं म्हणून. मी बायका मोजत नाही कमल, पेशी मोजते."

"पेशी बाईच्याच ना?"

तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "चहा टाक." बीकरमध्ये चहा उकळला की वाद मिटायचा, पण संपायचा नाही. पुढच्या वाईट काचेला पुन्हा निघायचा.

नुसतं मोजून भागत नव्हतं. ज्या बाईची काच चांगली ती खरंच जगली का आणि जिची वाईट ती गेली का, हे कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही, असं तुम्ही म्हणायचात. पत्रं पाठवली तर उत्तर येत नव्हतं. म्हणून तुम्ही मला पाठवायला लागलात. दर बाईचं एक कार्ड. वर्षानं तिच्या घरी जायचं, बघायचं आणि कार्डावर लिहायचं. एसटीचे आणि चहाचे पैसे तुम्ही स्वतःच्या पाकिटातून द्यायच्या, कारण दवाखाना देत नव्हता.

मला कुणाच्या दारात उभं राहायची किती भीती वाटायची! सुरगाण्याकडे जीपच्या मागच्या फळीवर बसून जायची, तर पाड्यातल्या निम्म्या घरांच्या दारांना बाहेरून काडी अडकवलेली असायची, माणसं द्राक्षाच्या मळ्यांवर कामाला गेलेली. काही घरांत आधी आडनाव विचारायचे, मग बाहेरच उभी ठेवायचे. मी ते कधी तुम्हाला सांगितलं नाही. मी आले की तुम्ही एकच विचारायच्या, "स्वतः बघितलंस?" आणि दर वेळी तेच सांगायच्या, "माहीत नसेल तर कार्ड रिकामं ठेव. अंदाजानं लिहू नकोस. रिकाम्या कार्डाची मला लाज वाटत नाही."

येवल्याच्या यमुनेची काच वाईट होती. मला आठवतं, पितळेच्या वाटीचा तळ दिसत राहिला आणि स्टीलची भरत गेली. तुम्ही मायक्रोस्कोपवरून डोळा काढलात. मग म्हणालात, "ही वर्ष काढेल असं वाटत नाही." ऑपरेशनला तिला मुंबईत खाट मिळाली नाही. वर्षानं मी येवल्याला गेले. विणकरांची आळी, घराघरांतून मागाचा खटखट आवाज. दारात एक म्हातारी रेशीम उलगडत बसली होती. मी खाली बघून विचारलं, "यमुनाबाई इथंच राहतात का?"

"इथंच. तुम्ही कुठल्या?"

"नाशिकहून. दवाखान्यातून."

म्हातारीनं आत हाक मारली, "यमुने, ए यमुने! नाशकाच्या दवाखान्याची बाई आलीय बघ." एक तरणी बाई डोक्यावरून पदर घेऊन आली. हात ओले होते. मी विचारलं, "तब्येत बरी आहे ना?" ती म्हणाली, "बरी हाय की." मी हळूच विचारलं, "रक्त वगैरे?" ती लाजली, सासूकडे बघायला लागली. सासू म्हणाली, "काय नाय तिला. चांगली हाय. जा तुम्ही."

मी आनंदानं उडत आले. कार्डावर लिहिलं, जिवंत आहे, बरी आहे. तुम्ही ते दोनदा वाचलंत. बाई, तुमचा आकडा खोटा पडला होता आणि तुमचा चेहरा मात्र असा फुलला होता की मी तसा पुन्हा कधी बघितला नाही. "बघ," म्हणालात, "काच सगळं सांगत नाही." त्या दिवशी चहा तुम्ही केलात. बीकर आधी कशाचं होतं ते बघितलं नाहीत म्हणून तो ओतून द्यावा लागला.

दुसऱ्या वर्षी मी पुन्हा गेले. ह्या वेळी ती मांडीवर बाळ घेऊन बसली होती.

"बाळ कुणाचं?" मी विचारलं.

"माझंच की. कुणाचं आसंल?" ती हसली. "पण बाई, आता लगेच ऑपरेशन करा म्हणू नका. आमच्या ह्यांनाबी धरून नेऊ नका. हे पहिलंच हाय."

ती मला कुटुंबनियोजनाची बाई समजत होती. पण मला त्याचं हसू आलं नाही. एवढा शेक घेतलेल्या बाईला मूल होत नाही, इतकं मला तोवर कळत होतं.

मी म्हटलं, "मी त्या कामाची नाही. तुम्ही मुंबईला शेक घेतला होता ना, त्यासाठी येते."

"कसला शेक?" असं म्हणून ती थांबली. मग तिनं पदराखालून मंगळसूत्राच्या शेजारी बांधलेला चांदीचा लहानसा पत्रा काढला. त्यावर बाईची आकृती ठोकलेली, वर हळदीकुंकू. "मग तुम्ही हिच्यासाठी येता व्हय?"

आमच्या घरातले देव आणि टाक मी लहान असतानाच, धर्मांतराच्या वेळी, आज्यानं गोदावरीत सोडले, त्यामुळे मला पटकन उमगलं नाही. मी विचारलं, "हे काय?"

"सवतीचा टाक. आधीची यमुना. दुसरेपणावर आलेल्या बाईनं घालायचा असतो, म्हणजे ती सुखानं राहते."

सासू जवळ येऊन बसली. "माझ्या तोंडात तेच नाव बसल्यालं," ती म्हणाली. "हिला दुसऱ्या नावानं हाक मारायला जावं तर तेच यायचं. मग म्हटलं, हिचंबी यमुनाच ठेवा. तिलाबी बरं वाटंल. ती मुंबईहून आली न् आठव्या म्हयन्याला गेली बघा. पोरीचे लय हाल झाले." मग जरा ओशाळून म्हणाली, "गेल्या साली तुम्ही आलात तवा नसबंदीला लोकं धरून नेत होते. म्हून म्हटलं, काय नाय हिला, जा."

त्यांनी मला चहा दिला. दोन्ही यमुनांच्या वाट्याचा म्हणून मी प्यायले. एसटीत सगळा वेळ मी मनात वाक्य जुळवत होते. बाई, माझी चूक झाली. बाई, ती गेली, आठच महिन्यांत गेली. कार्ड दुरुस्त करा.

मी लॅबमध्ये आले तेव्हा मोठे डॉक्टर तुमच्या टेबलाला टेकून उभे होते. तुमचे कान लाल झाले होते. ते म्हणत होते, "बाई, सरळ हिशेब आहे. मुंबईत खाटा मिळत नाहीत. तुमची काच वाईट आली की आम्ही बाईला घरी पाठवत जाऊ. तुम्हीच म्हणता ना, ह्या जगत नाहीत?"

"मी असं म्हणत नाही. मी म्हणते, त्यांचं लवकर ऑपरेशन करा."

"कशाला? मरायचीच ती."

तेवढ्यात तुम्ही मला दारात बघितलंत. "ही बघा कमल. येवल्याहून आली. त्या यमुनेची काच इतकी वाईट होती. सांग कमल, कशी आहे यमुना?"

मोठे डॉक्टर माझ्याकडे वळले. मी जमिनीकडे बघितलं आणि म्हणाले, "बरी आहे. माग चालवते."

"बघा," तुम्ही म्हणालात. "एक जरी अशी असली तरी काचेवरून कुणाला घरी पाठवायचं नाही."

त्याच आठवड्यात सुरगाण्याच्या सोनीची काच वाईट आली होती. तिच्या केसपेपरवर घरी पाठवा असं लिहून झालं होतं. ते खोडलं गेलं. सोनीचं मुंबईत ऑपरेशन झालं. ती अजून आहे बाई. मी दर वर्षी तिच्याकडे जाते आणि येवल्यानंतर मी नावावर विश्वास ठेवत नाही. मी ऑपरेशनची खूण दाखवायला सांगते. सोनी म्हणते, "तुला दर साली माझं प्वाटच बघायचं आसतं," आणि झोपडीचं दार लोटून लुगडं सैल करते.

म्हणून मी दुसऱ्या दिवशीही तुम्हाला सांगितलं नाही. यमुना गेली म्हटलं असतं तर पुढच्या सोनीला घरी पाठवलं असतं. मला असं वाटलं. की मी घाबरले होते आणि नंतर हे कारण सापडलं? मला आता वेगळं करता येत नाही. दोन्ही असेल.

तुम्ही दर वर्षी येवल्याचे पैसे काढून द्यायच्या. आधी वीस, भाडं वाढल्यावर पंचवीस. जाऊन काय करायचं होतं? आणि जायचं नाही तर पैसे परत द्यायला हवेत, आणि परत दिले तर का ते सांगायला हवं. मी ते घ्यायची, त्या दिवशी रजा टाकून घरी बसायची आणि दुसऱ्या दिवशी कार्डावर लिहायची, बरी आहे. असं पाच वर्षं. पहिले काही मी डाळीच्या डब्यात तसेच ठेवले होते. मग एकदा घरात नड आली आणि तेही गेले. तुम्ही मला रिकाम्या कार्डाची लाज वाटत नाही म्हणायच्या आणि मी तुम्हाला भरलेलं कार्ड देत होते.

गेल्या साली तुम्हीच मुंबईला शेक घ्यायला गेलात. लॅबमध्ये कुणाला सांगितलं नाहीत, बहिणीकडे जाते म्हणालात. परत आलात तेव्हा पातळ अंगावर राहत नव्हतं. एका रविवारी दुपारी मला घरून बोलावलंत. लॅबमध्ये आपण दोघीच. तुम्ही पर्समधून एक काच काढलीत. नंबर नव्हता.

"रंग दे."

मी कुणाची म्हणून विचारलं नाही. रंग देतानाच मला कळलं, काच तुमची. तुम्ही डोळा लावलात आणि नेहमीसारखं सुरू केलंत. "तशीच. तशीच. फोड. तशीच." स्टीलची वाटी भरत चालली. मला ते सोसवेना. तुम्ही तशीच म्हणालात आणि मी चिंचोका पितळेच्या वाटीत टाकला.

तुम्ही डोळा काढला नाहीत. "कमल, आवाज चुकीच्या वाटीतून आला."

मी तो उचलून स्टीलच्या वाटीत टाकला. शंभर झाले. तुम्ही उठलात, खिडकीशी गेलात. मग म्हणालात, "यमुनेची पण अशीच होती ना?"

बाई, तेव्हा सांगायचं होतं मला. सगळी वाक्यं तयार होती. तुम्ही माझ्याकडे इतक्या आशेनं बघितलंत, की जणू डॉक्टर मी आहे आणि तुम्ही बाकावर बसलेल्या कुणी पेशंट.

"हो बाई. अशीच होती."

"सात वर्षं झाली की."

"झाली."

"ऑपरेशनशिवाय."

मी मान हलवली.

मुंबईचे डॉक्टर तुम्हाला लगेच ऑपरेशन करा म्हणत होते, हे मला तुम्ही गेल्यावर कळलं. इतक्या बायकांसाठी तुम्ही त्याच ऑपरेशनवरून भांडलात. आणि स्वतःच्या वेळी म्हणालात, घाई नको, थोडी वाट बघू. चार महिने वाट बघितलीत. मग ते म्हणाले, आता करण्यात अर्थ नाही. त्या चार महिन्यांत तुम्ही कामावर येत होतात, दुसऱ्यांच्या काचा मोजत होतात, आणि मी चिंचोके टाकत होते.

लगेच केलं असतं तर तुम्ही वाचला असतात का? मोठ्या डॉक्टरांना विचारायचा धीर नाही. सय्यदभाईंना आडून विचारलं. ते म्हणाले, "कमलताई, ते काचेलाही माहीत नसतं." त्यांनी माझ्या समाधानासाठी म्हटलं. माझं समाधान झालं नाही. तुम्ही यमुनेमुळे थांबलात, की तुम्हालाच पोट उघडायची भीती वाटली आणि यमुना हाताशी सापडली? मी माझ्यासाठी कारण शोधलं तसं तुम्हीही शोधलं असेल. पण तुमच्या हाताशी खोटं कार्ड मी ठेवलं होतं, एवढं नक्की.

शेवटच्या महिन्यात मी रोज संध्याकाळी तुमच्या घरी यायची. तुमचे पाय चोळायची. तुम्हाला बोलवत नव्हतं. एकदा तुम्ही म्हणालात, "त्या मोजण्याचं काय करायचं गं?" मी म्हटलं, "तुम्ही बऱ्या झालात की करू." तुम्ही डोळे मिटलेत. तेव्हाही खोटंच.

तुमच्यावर रागही येतो कधी कधी. एकदा तरी विचारायचं होतं, चल, मीही येते येवल्याला. एवढा भरवसा का ठेवलात माझ्यावर? मला तो पेलत नव्हता. मग वाटतं, दुसऱ्या कुणी आयुष्यात ठेवला होता का? नाही. नवरा चहात साखर किती टाकली तेही चाखून बघतो.

परवा मी सय्यदभाईंना यमुनेचं कार्ड काढायला सांगितलं. सगळं सांगितलं, जमिनीकडे बघूनच, पण सांगितलं. त्यांनी कार्ड शोधून हातात धरलं. मग म्हणाले, "आता कुणाला काय फरक पडतो?"

"कार्ड खोटं आहे," मी म्हटलं. "खोडा."

"तुम्हीच खोडा. अक्षर तुमचं आहे."

मी सगळ्या ओळी खोडल्या आणि खाली लिहिलं, मुंबईहून आल्यावर आठव्या महिन्यात गेली. त्याखाली माझी सही केली. मग सय्यदभाईंनी दुसरं कोरं कार्ड काढून माझ्यापुढे ठेवलं आणि बाहेर निघून गेले. त्यावर मी तुमचं नाव लिहिलं. पितळेचे किती, स्टीलचे किती ते मला पाठ होते, तेही लिहिले. मुंबईहून आल्यावर अकराव्या महिन्यात गेल्या, असं लिहिलं. हे मी स्वतः बघितलं होतं.

आज पगार झाला. तो घेऊन तुमच्या घरी गेले. तात्या पडवीत एकटेच बसले होते. धाकट्या बहिणीच्या मागं राहावं लागलेल्या म्हाताऱ्या भावाशी काय बोलावं ते मला कळेना. मी पैसे त्यांच्यासमोर ठेवले.

"कसले हे?"

"बाईंचे. येवल्याच्या भाड्याचे. मी पाच वेळा घेतले, तीनदा वीस, दोनदा पंचवीस, आणि गेले नाही."

"राहू दे गं. तिनं कधी मागितले का?"

"त्यांना माहीत नव्हतं."

मग मला सगळं सांगावं लागलं. यमुना, टाक, मोठे डॉक्टर, ती रविवारची दुपार. तात्या ऐकत राहिले. मधे एकदा त्यांनी चष्मा काढला. मला वाटलं, आता उठून जा म्हणतील.

"ती म्हणायची, कमलच्या कार्डावर डोळे मिटून भरवसा ठेवावा," ते म्हणाले.

मी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"तिला सांगायला हवं होतंस."

"हो."

"कधी सांगणार होतीस?"

मी वर बघितलं. "रोज."

तात्यांनी चष्मा लावला, नोटा हातात घेतल्या आणि एकेक करून मोजल्या. विसाचे तीन वाटे, पंचविसाचे दोन. पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.

"एकशे दहा," ते म्हणाले. "पूर्ण आहेत." आणि नोटा दुमडून खिशात ठेवल्या.